एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस सी निघालाय? यकृत कसं सांभाळायचं, पायरीपायरीने

दोन्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आले की बहुतेकांचं सगळं लक्ष एचआयव्हीकडे जातं. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) किती, गोळ्या कधी सुरू करायच्या, घरी कुणाला सांगायचं. हिपॅटायटिस सी मागे पडतो, कारण तो काही त्रासच देत नाही. थोडा थकवा असतो, भूक जरा कमी झालेली असते, आणि त्याचं खापरही एचआयव्हीवर फोडलं जातं. पण एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेणाऱ्या माणसाला पुढच्या दहा-वीस वर्षांत एड्सपेक्षा यकृताच्या आजारानेच जास्त धोका असू शकतो. आणि या दोघांपैकी पूर्ण बरा होणारा आजार आहे तो हिपॅटायटिस सी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एचआयव्ही असलेल्या सुमारे २३ लाख लोकांच्या रक्तात सी विषाणूच्या आत्ताच्या किंवा पूर्वीच्या संसर्गाची खूण सापडते. म्हणजे तुमची केस काही जगावेगळी नाही, आणि डॉक्टरांना या जोडीची चांगली ओळख आहे. हा लेख नुकतंच निदान झालेल्यांसाठी आणि त्यांच्या सोबत दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी आहे. औषध बदलणं, थांबवणं, सुरू करणं हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण काय विचारायचं आणि रिपोर्टमध्ये काय बघायचं हे तुम्हाला माहीत असलं तर तपासणीच्या त्या दहा मिनिटांचा खूप उपयोग होतो.

आधी हे समजून घ्या: यकृत बिघडवतं कोण?

सी विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःच्या प्रती काढत राहतो. गंमत अशी की तो पेशीला सहसा थेट मारत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशीवर हल्ला करते आणि नुकसान होतं ते या हल्ल्यात. यालाच दाह म्हणतात. दाह काही आठवडे चालून थांबला तर यकृत स्वतःला दुरुस्त करून घेतं, ती ताकद त्याच्यात भरपूर आहे. पण सी विषाणू वर्षानुवर्षं राहतो, म्हणून दाहही वर्षानुवर्षं चालू राहतो.

यकृतात ताराकृती पेशी नावाच्या पेशी असतात. एरवी त्या जीवनसत्त्व अ साठवून शांत बसलेल्या असतात. सतत दाह असला की त्या जाग्या होतात आणि कोलॅजन, म्हणजे व्रणाचे तंतू, विणायला लागतात. या तंतूंच्या जाळ्याला फायब्रोसिस म्हणतात. जाळं दाट होत होत यकृताची सगळी रचनाच बदलली की तो सिरोसिस. फक्त हिपॅटायटिस सी असलेल्यांपैकी साधारण १५ ते ३० टक्के लोकांना २० वर्षांत सिरोसिस होतो. एचआयव्ही सोबत असेल तर हा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असं वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे.

एचआयव्ही यकृताच्या पेशींमध्ये फारसा वाढत नाही, मग दुप्पट का? उत्तर आतड्यात आहे. एचआयव्हीचा संसर्ग झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. अस्तर कमकुवत होतं आणि आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपायला लागतात. आतड्याकडून येणारं रक्त सरळ यकृतात जातं. तिथे कुप्फर पेशी पहाऱ्याला असतात. त्या हे तुकडे टिपतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. म्हणजे सी विषाणूमुळे आधीच धुमसणाऱ्या अवयवात रोज बाहेरून भर पडते. शिवाय एचआयव्हीच्या आवरणावरचं प्रथिन ताराकृती पेशींना थेट चेतवतं, आणि कमी झालेली सीडी४ यंत्रणा सी विषाणूला नीट आवरू शकत नाही, त्यामुळे त्याचं रक्तातलं प्रमाणही वाढतं.

एचआयव्ही गोळ्यांनी आटोक्यात आला की हे सगळं बरंच कमी होतं. पूर्ण थांबत नाही. व्हायरल लोड 'सापडत नाही' असा आला तरी आतड्याची गळती थोडी उरतेच. म्हणून एचआयव्ही आटोक्यात आहे, तेव्हा सी नंतर बघू, हा हिशेब चुकतो.

पायरी १: सी विषाणू आत्ता अंगात आहे का, याची खात्री करा

पहिली चाचणी अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची असते. ती पॉझिटिव्ह आली याचा अर्थ एवढाच की कधीतरी विषाणू शरीरात आला होता. काही लोकांच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप जातो, मात्र एचआयव्ही असेल तर असं होण्याची शक्यता कमी. म्हणून विषाणूलाच रक्तात शोधणारी दुसरी चाचणी हवीच: एचसीव्ही आरएनए, किंवा काही ठिकाणी त्याऐवजी कोअर अँटिजेन. ती पॉझिटिव्ह आली तर संसर्ग चालू आहे.

उलटी फसगतही होते. सीडी४ खूप खालावलेले असतील तर कधीकधी शरीर अँटिबॉडी बनवूच शकत नाही आणि चाचणी निगेटिव्ह येते, विषाणू मात्र असतो. संसर्ग अगदी ताजा असेल तरीही तेच. एसजीपीटी (यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा घटक) कारण नसताना वाढलेला दिसतोय आणि सीची अँटिबॉडी निगेटिव्ह आहे, अशा वेळी आरएनए चाचणी करायला हवी का हे विचारायला संकोचू नका.

आरएनएचा आकडा, म्हणजे सीचा व्हायरल लोड, लाखांत आला तर घाबरायचं कारण नाही. एचआयव्हीमध्ये व्हायरल लोडच्या आकड्याला जे वजन असतं ते इथे नाही. यकृत किती बिघडलंय हे त्यावरून कळत नाही.

पायरी २: व्रण किती झालाय ते मोजा

माझ्या मते अख्ख्या प्रवासात सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित पायरी हीच. रिपोर्ट हातात आला की लोक एसजीपीटी बघतात. काही लॅब त्याला एएलटी लिहितात, आणि एसजीओटीला एएसटी. आकडा ४०च्या आत असला की सुटकेचा निःश्वास टाकतात. पण एसजीपीटी सांगतो ते आज किती पेशी फुटताहेत एवढंच. तो धूर आहे. आतापर्यंत किती भाग जळून गेला, हे धुरावरून कळत नाही. सी असलेल्या कितीतरी लोकांचा एसजीपीटी वर्षानुवर्षं नॉर्मल राहतो आणि व्रण मात्र वाढत जातो. सिरोसिसपर्यंत पोचलेल्या यकृतात तर फुटायला पेशीच कमी उरतात, त्यामुळे आकडा खाली आलेलाही दिसतो.

व्रण मोजायला पूर्वी सुई घालून यकृताचा तुकडा काढायचे, म्हणजे बायोप्सी. आता ती क्वचितच लागते. साध्या रक्ततपासणीवरून काढता येणारा एक आकडा आहे, फिब-४. तो २००६ मध्ये मांडला गेला आणि मुळात एचआयव्ही व हिपॅटायटिस सी एकत्र असलेल्या रुग्णांच्याच माहितीवरून तयार झाला. तो घरीही काढता येतो:

वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ).

प्लेटलेट्स हजारांत घ्यायच्या, म्हणजे १,२०,००० असतील तर १२०. एक काल्पनिक रिपोर्ट घेऊ. वय ५०, एसजीओटी ५४, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स १,२०,०००. वरचा भाग ५० गुणिले ५४, म्हणजे २७००. छत्तीसचं वर्गमूळ ६, आणि १२० गुणिले ६ म्हणजे ७२०. भागाकार ३.७५.

१.४५ पेक्षा कमी आकडा आला तर मोठा व्रण असण्याची शक्यता कमी. ३.२५ पेक्षा जास्त आला तर पुढच्या टप्प्याचा व्रण असावा असं समजून पुढची तपासणी करायची. मधला आकडा अधांतरी, म्हणजे दुसरी चाचणी हवी. आता वरचा रिपोर्ट पुन्हा बघा. एसजीपीटी ३६, अगदी नॉर्मल. नुसता तोच बघून घरी गेला असता तर हा माणूस हातचा निसटला असता.

फिब-४ च्याही मर्यादा आहेत. पस्तिशीच्या आतल्यांमध्ये तो तितका भरवशाचा नाही, आणि साठी-पासष्टी ओलांडलेल्यांमध्ये वयामुळेच फुगतो. एचआयव्हीमुळेही प्लेटलेट्स कमी होऊ शकतात, तेव्हा यकृताचा दोष नसताना आकडा वाढतो. कावीळ नुकतीच होऊन गेली असेल, किंवा कुठल्या कारणाने एसजीपीटी एकदम शेकड्यांत गेला असेल, तर त्या दिवसांत हा हिशेब करू नये.

दुसरी चाचणी म्हणजे फायब्रोस्कॅन. बरगड्यांवर यंत्र टेकवून यकृताचा कडकपणा मोजतात. दुखत नाही, दहा मिनिटांत होते. उत्तर किलोपास्कलमध्ये येतं. हिपॅटायटिस सीमध्ये ७ च्या आत असेल तर व्रण नाही किंवा थोडा, आणि १२.५ च्या पुढे गेला तर सिरोसिसचा संशय घेतात. चाचणीआधी निदान तीन तास काही खाऊ नका, पोट भरलेलं असताना आकडा वाढतो. मोठा दाह चालू असेल तेव्हाही तो खोटा वाढतो, म्हणून एसजीपीटी खूप चढलेला असेल तर थोडं थांबून करतात.

रिपोर्टवर एफ० ते एफ४ असं लिहिलेलं दिसेल. एफ० म्हणजे व्रण नाही, एफ४ म्हणजे सिरोसिस. बायोप्सी झाली असेल तर सोबत ए० ते ए३ असंही असतं, तो दाहाचा जोर. दोन्ही वेगळे. ए१ वाचून खूश होऊ नका, एफ किती आहे ते विचारा.

दाह मोजायचा म्हणून स्वतःहून सीआरपी करून घेणारे लोक भेटतात. यकृताच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. सीआरपी हे प्रथिन यकृतच तयार करतं, त्यामुळे आजारी यकृतात ते कमीही निघू शकतं. संशोधनात दाहाची आणखी बरीच रसायनं मोजतात, पण त्यावरून तुमचे उपचार बदलत नाहीत. पैसे वाचवा.

पायरी ३: एचआयव्हीच्या गोळ्या सुरू करा आणि थांबवू नका

यकृताला त्रास होईल या भीतीने एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांचा उपचार, लांबवणारे किंवा मध्येच सुट्टी घेणारे लोक असतात. भीती समजण्यासारखी आहे, निर्णय चुकीचा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट नावाच्या मोठ्या चाचणीत काही रुग्णांची एआरटी सीडी४ बघून मधूनमधून थांबवली होती. थांबवलेल्या गटात मृत्यू वाढले, आणि महिनाभरातच रक्तातली दाहाची चिन्हं चढलेली दिसली. हिपॅटायटिस असलेल्यांना याची जास्त झळ बसली. एआरटी यकृतातल्या व्रणाचा वेग कमी करते, हे आता पक्कं आहे.

जुन्या काळातल्या काही औषधांनी यकृताला खरोखर त्रास दिला. डिडॅनोसिन आणि स्टॅव्ह्युडिन आता जवळपास वापरात नाहीत. नेव्हिरापिन अजून कुठे कुठे दिलं जातं. त्याची तीव्र प्रतिक्रिया पहिल्या १८ आठवड्यांत येऊ शकते, विशेषतः सुरुवातीला सीडी४ २५० च्या वर असलेल्या स्त्रियांत आणि ४०० च्या वर असलेल्या पुरुषांत. अंगावर पुरळ, ताप आणि मळमळ एकत्र आलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

अॅटाझनाविर हे एचआयव्हीचं औषध घेणाऱ्या काहींचे डोळे पिवळे दिसतात. रिपोर्टमध्ये फक्त इनडायरेक्ट बिलिरुबिन (काविळीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा एक प्रकार) वाढलेलं असेल आणि एसजीपीटी जागेवर असेल तर ती यकृत बिघडल्याची कावीळ नव्हे. हे औषध बिलिरुबिनचा निचरा जरा अडवतं, एवढंच. तरी रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूनच हे ठरवा.

एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एसजीपीटी थोडा चढू शकतो. प्रतिकारशक्ती परत येते आणि सी विषाणूवर नव्या जोमाने तुटून पडते. म्हणून या काळात रक्ततपासणी चुकवायची नाही.

सिरोसिस असेल तर आणखी एक गोष्ट. प्लीहा मोठी होऊन प्लेटलेट्ससोबत पांढऱ्या पेशीही अडकवून ठेवते. त्यामुळे व्हायरल लोड शून्यावर असूनही सीडी४चा आकडा अडकून राहतो आणि माणूस खचतो. अशा वेळी सीडी४ची टक्केवारी बघायला सांगा, ती खरी परिस्थिती दाखवते.

पायरी ४: हिपॅटायटिस बी तपासल्याशिवाय सीचं औषध नको

ही पायरी छोटी, पण चुकली तर महागात पडते. अंगात बी विषाणूही असेल तर सी त्याला दाबून ठेवतो. सी गेला की बी उसळी मारू शकतो आणि यकृत अचानक निकामी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सीच्या औषधांवर याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन चाचण्या आधी करा. तुमच्या एआरटीत टेनोफोविर असेल तर ते बीलाही आवरतं, म्हणून एचआयव्ही आणि बी दोन्ही असणाऱ्याने एआरटी बदलताना टेनोफोविर राहतंय ना हे जरूर विचारायचं. बी नसेल तर त्याची लस घ्या. हिपॅटायटिस ए ची प्रतिकारशक्ती नसेल तर तीही.

पायरी ५: सी बरा करा

२०११ पर्यंत सीचा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिन, ४८ आठवडे. ताप, नैराश्य, केस गळणं, रक्त कमी होणं. एवढं सोसून एचआयव्ही असलेल्यांपैकी निम्मेसुद्धा बरे होत नसत. त्या काळातल्या कहाण्या ऐकून आजही लोक उपचाराला नको म्हणतात. त्या कहाण्या खऱ्या आहेत, पण ते इंटरफेरॉन आता दिलं जात नाही.

२०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर आलं आणि चित्र पालटलं. आता रोजच्या गोळ्या, ८ किंवा १२ आठवडे. सोफोसबुविर-वेल्पाटासविर १२ आठवडे, सोफोसबुविर-डॅक्लाटासविर १२ आठवडे, किंवा ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर ८ आठवडे, या प्रमुख जोड्या. ९५ टक्क्यांच्या आसपास लोक बरे होतात, आणि एचआयव्ही असला तरी यात फरक पडत नाही. पाच देशांत झालेल्या मिनमॉन नावाच्या चाचणीत सुमारे ४०० लोकांना १२ आठवड्यांच्या सगळ्या गोळ्या पहिल्याच दिवशी देऊन टाकल्या आणि मधली एकही रक्ततपासणी ठरवली नाही. त्यात एचआयव्ही असलेले बरेच जण होते. तरीही ९५ टक्के बरे झाले. मात्र पोटात पाणी होण्यापर्यंत यकृत ढासळलेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते.

व्रण कमी असेल तर थांबावं का? नाही. एचआयव्ही सोबत असेल तर वाट बघण्यात फायदा काहीच नाही, दाह मात्र चालूच राहतो. सीडी४ फारच कमी असतील तर आधी एआरटी बसवून काही आठवड्यांनी सीची औषधं सुरू करतात. ते डॉक्टर ठरवतील.

खरी काळजी घ्यायची ती औषधांच्या आपसातल्या भांडणाची. सीची औषधं आणि एचआयव्हीची काही औषधं एकमेकांचं प्रमाण वाढवतात किंवा पाडतात. एचआयव्हीचं एफाविरेंझ वेल्पाटासविरचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणतं, म्हणून ही जोडी टाळतात. डॅक्लाटासविरचा नेहमीचा डोस ६० मिलिग्रॅम, एफाविरेंझसोबत तो ९० करावा लागतो आणि रिटोनाविर जोडलेल्या अॅटाझनाविरसोबत ३० वर आणावा लागतो. ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर आणि अॅटाझनाविर एकत्र चालत नाहीत. टेनोफोविरच्या जुन्या प्रकारासोबत वेल्पाटासविर घेताना मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं. एचआयव्हीसाठी डोल्युटेग्राविरवर असणाऱ्यांना तुलनेने सोपं जातं.

एचआयव्हीबाहेरची औषधंही यात आहेत. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असताना सीची ही औषधं देत नाहीत, टीबीचा उपचार आधी पूर्ण करतात. फिट्सच्या कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइननेही सीच्या औषधांची ताकद जाते. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अॅमिओडॅरोन सोफोसबुविरसोबत धोकादायक, ठोके फार मंदावू शकतात. ओमेप्राझोलसारख्या अॅसिडिटीच्या गोळ्या तर लोकांना औषध वाटतच नाहीत, म्हणून त्या सांगायच्या राहून जातात. त्या वेल्पाटासविर शोषू देत नाहीत. म्हणून एक काम करा: घरात तुम्ही घेता त्या सगळ्या गोळ्या, पावडरी, अर्क, टॉनिक एका पिशवीत भरा आणि ती पिशवीच डॉक्टरांपुढे ठेवा. यादी करायला बसलात की काहीतरी विसरतंच. लिव्हरपूल विद्यापीठाचं औषधांच्या परस्परपरिणामांचं ऑनलाइन साधन मोफत आहे आणि डॉक्टरही तेच वापरतात.

गरोदरपण असेल किंवा त्याचा विचार असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. सी एकटा असताना आईकडून बाळाला जाण्याची शक्यता सुमारे ६ टक्के, सोबत एचआयव्ही असेल तर ११च्या आसपास. म्हणून शक्यतो गर्भधारणेआधी उपचार पुरा करणं बरं. रिबाव्हिरिन लागणार असेल तर गर्भधारणा टाळावीच लागते, पुरुष जोडीदार ते घेत असला तरी.

पायरी ६: यकृतावरचं बाकीचं ओझं उतरवा

दारूबद्दल लांबण लावत नाही. सी, एचआयव्ही आणि दारू हे तिन्ही एकाच ताराकृती पेशीला चेतवतात. व्रण असेल तर सुरक्षित प्रमाण असं काही नाही. एकदम सोडता येत नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण रोज जास्त पिणाऱ्याने अचानक बंद केल्यास झटके येऊ शकतात. आणि दारू सुटेपर्यंत सीचा उपचार मिळणार नाही, असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या. पिणाऱ्यांमध्येही ही औषधं काम करतात.

यकृतात साठणारी चरबी हा दुसरा भार. सी विषाणूचा तिसरा जीनोटाइप (उपप्रकार) स्वतःच चरबी साठवतो. त्यात मधुमेह आणि पोटाचा घेर. वजन जास्त असेल तर त्यातलं ७ ते १० टक्के कमी झालं तरी यकृतातली चरबी आणि दाह दोन्ही उतरतात. कॉफी आवडणाऱ्यांसाठी एक बरी बातमी: फ्रान्समध्ये नेमक्या याच दोन्ही संसर्गांच्या रुग्णांचा जो मोठा पाठपुरावा झाला, त्यात दिवसाला तीन किंवा जास्त कप पिणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे निम्मं दिसलं. कॉफीमुळेच असं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही, पण आवडत असेल तर सोडू नका.

ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं, मात्र यकृताचा जुना आजार असेल तर दिवसाला २ ग्रॅमच्या आत. सिरोसिसमध्ये आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं टाळा, मूत्रपिंड आणि रक्तस्राव दोन्हींचा धोका असतो. 'लिव्हर साफ करणारे' अर्क, वजन उतरवण्याच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा तीव्र अर्क यांनी यकृत निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. टीबीची औषधं मात्र गरज असेल तर घ्यायचीच, पण एसजीपीटीवर नजर ठेवून.

एक यादी मात्र पाठ असू द्या. रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शौच, पोट फुगून पाणी होणं, पोटात पाणी असताना ताप, बोलण्यात असंबद्धपणा किंवा दिवसा अनावर झोप, झपाट्याने वाढणारी कावीळ. यातलं काहीही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय. घरातल्यांनाही हे सांगून ठेवा, कारण यकृतामुळे मेंदूवर परिणाम होतो तेव्हा ते रुग्णाच्या स्वतःच्या लक्षात येत नाही.

पायरी ७: बरं झाल्यावर काय

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए चाचणी करतात. विषाणू सापडला नाही म्हणजे सी बरा झाला. तो कुठे लपून बसत नाही, ते एचआयव्हीचं काम. एसजीपीटी तर बहुतेकांचा उपचाराच्या पहिल्या महिन्यातच उतरतो.

व्रण मात्र लगेच जात नाही. दाह थांबल्यावर पुढच्या काही वर्षांत तो हळूहळू विरतो, एफ२ असेल तर चांगलाच, सिरोसिस असेल तर काही अंशी. म्हणून उपचाराच्या आधी ज्यांना सिरोसिस होता, त्यांनी बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, यकृताचा कर्करोग लवकर सापडावा म्हणून. काही देशांतल्या सूचनांमध्ये एफ३ वाल्यांनाही हे सांगितलंय. ही तपासणी सगळ्यात जास्त लोक सोडून देतात, कारण 'बरे झालात' हे ऐकलेलं असतं. धोका कमी झालेला असतो, संपलेला नसतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी लागेल का, तेही विचारा. कडकपणा २० किलोपास्कलच्या आत आणि प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असतील तर ती बहुधा टाळता येते.

सी गेला तरी एचआयव्हीमुळे उरलेला थोडा दाह राहतो, आणि त्याचा त्रास पुढे यकृतापेक्षा हृदयाला होतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सिगरेट यांच्याकडे आता लक्ष द्यायचं. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) द्यावं असं डॉक्टरांना वाटत असेल तर 'यकृताला चालेल का' म्हणून अडून बसू नका, स्थिर यकृतात ते चालतं. फक्त सीची औषधं चालू असताना काही स्टॅटिन बंद ठेवावे लागतात, म्हणून वेळ विचारून घ्या.

आणि सी पुन्हा होऊ शकतो. एकदा बरं झाल्याने संरक्षण मिळत नाही. सुई, सिरिंज, पाणी, चमचा यातलं काहीही दुसऱ्यासोबत वापरू नका. पुरुषांच्या आपसातल्या कंडोमविरहित गुदसंबंधातूनही, विशेषतः एचआयव्ही असताना, सी पसरतो. धोका चालू असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी, नसेल तरी वर्षातून एकदा तपासणी बरी. पण चाचणी आरएनएची मागा. अँटिबॉडी जन्मभर पॉझिटिव्हच राहते, आणि ती बघून नवीन डॉक्टर, शस्त्रक्रियेआधीची लॅब किंवा विमा कंपनी तुम्हाला परत सीचा रुग्ण ठरवते. १२ आठवड्यांनंतरच्या निगेटिव्ह आरएनए रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये कायम ठेवा, आणि शेजारीच उपचाराआधीचा फायब्रोस्कॅन. पहिला रिपोर्ट सी गेल्याचा पुरावा आहे, आणि सोनोग्राफी चालू ठेवायची की नाही हे दुसऱ्यावरून ठरतं.